दैवशालाचा पगार जातो कुठं

११ जानेवारी, रविवार. दुपारी, जेवणं झाल्यावर.

आजपासून वही. वही माझी, गोजरबाईची, पेन मीनाचा. मला लिहिता येत न्हाई, म्हणून मी बोलणार आन् मीना लिहिणार. मीना माझी सून. ही वही कुणी वाचायची न्हाई. मला वाचता येत न्हाई, लेक भुजंगला वेळ न्हाई, आन् मीनाला फक्त लिहायची परवानगी आहे, वाचायची न्हाई. मीना म्हणली, आत्याबाई, लिहिताना नजर पडतीच. मी म्हणलं, नजर पडू दे, ध्यान पडू देऊ नको.

कारण असं. दैवशाला, माझी नात, मीनाची लेक. दीड वर्ष झालं, जर्मनीत नर्स आहे. पगार महिन्याला तीन लाख तीस हजार. हे तिनंच एकदा खुशीत सांगितलं आन् मंग जीभ चावली. घरी पाठवती वीस हजार. मंग तीन लाख दहा हजार जातात कुठं? मी मीनाला विचारलं. मीना म्हणली, तिकडं महागाई आहे. एवढंच म्हणून भांड्याला गेली. भांडे सकाळीच झाल्ते.

मला संशय आहे.

दुसरं. भोकरदनच्या काकासाहेबांना मी शब्द दिला आहे. त्यांचा हरिओम जालन्यात पतसंस्थेत क्लार्क आहे. पोरगं निर्व्यसनी, चष्मा आहे. अक्षय तृतीयेला सुपारी फोडायची. काकासाहेब तोंडानं गोड माणूस, पण दर फोनला फिरवून विचारतात, मावशी, पोरीच्या हातात नेमके किती पडतात?

ठराव: अक्षय तृतीयेच्या आत पै न् पैचा पत्ता लावणार.

१३ जानेवारी, मंगळवार.

दैवशालाचा व्हिडिओ कॉल. सरळ विचारलं. ती म्हणली, आजी, तीन लाख तीस हजार कागदावर. हातात दोन लाख अठरा हजार. बाकीचा टॅक्स, पेन्शन, दवाखान्याचा विमा, बेकारीचा विमा, म्हातारपणी कुणीतरी सांभाळायचा विमा. म्हातारपणी सांभाळायचा विमा पोरीच्या पगारातून कापतात. मी म्हणलं, सुना न्हाईत का तिकडं? मीना खोकली.

मंग खोलीचं भाडं सत्तर हजार. एका खोलीचं. एवढ्यात वाटूर फाट्यावर दोन गाळे मिळतील. बसचा पास सहा हजार तीनशे. आन् रेडिओचे अठराशे छत्तीस, दर महिन्याला. मी म्हणलं, रेडिओ परत करून टाक. ती म्हणली, रेडिओ न्हाईच आजी. नसला तरी भरावे लागतात, घरामागं एकदा.

नसलेल्या रेडिओचे पैसे. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, मला हे सांगती.

सगळं मिळून निम्म्याच्या वर उडून जातात. निम्मा पगार सरकार नेत नसतं. निम्मा पगार नवरा नेतो. मी माझी पहिली मजुरी कुणाच्या हातात दिल्ती ते मला आठवतं. हे वाक्य सांगितलं तर मीनाचा पेन थांबला. शाई संपली म्हणली. बघितलं तर लिहून राह्यला होता.

दैवशालाला सांगितलं, त्या टॅक्सच्या ऑफिसात जा, अर्ज दे, म्हणावं आमच्या आजीनं सांगितलंय, कमी करा. ती हसली. म्हणली, देते अर्ज. जरा टाइम लागंल.

पोरगी माझ्या शब्दाबाहेर न्हाई.

१८ जानेवारी, रविवार.

लोक युरोला शंभरनं गुणतात आन् फसतात. माझी रीत वेगळी. मजुरी कोथिंबिरीत मोजायची. कोथिंबीर गरीबाला बी लागती आन् कलेक्टरला बी.

इकडं बाईचा रोज तीनशे. जुडी पाच रुपये. म्हणजे एका रोजात साठ जुड्या. तिकडं दैवशालाच्या हातात दोन लाख अठरा हजार, कामाचे दिवस बावीस. मीनानं मोबाईलवर भागलं. रोजाचे नऊ हजार नऊशे. जुडी दीडशे रुपये. म्हणजे सहासष्ट जुड्या.

एवढ्या लांब विमानात बसून गेली, तर सहा जुड्या जास्त.

लगेच फोन लावला. जुडी केवढी असती विचारलं. ती म्हणली, लहान असती, प्लास्टिकच्या डबीत. म्हणलं, काड्या मोज. डबी आणून मोजल्या. अकरा.

अकरा काड्यांना आपल्याकडं जुडी म्हणत न्हाईत. भाजीवाला तेवढ्या वर टाकतो. म्हणजे पोरगी तोट्यात आहे. भुजंगला सांगितलं. तो म्हणला, माय, माणूस नुसती कोथिंबीर खाऊन राहतो का? हा माझ्या पोटचा.

२० जानेवारी, मंगळवार.

आज दुसरे देश.

झेरॉक्सवाल्या मच्छिंद्रचा साडू सौदीला ड्रायव्हर आहे. मच्छिंद्र म्हणला, आजी, तिकडं टॅक्सच न्हाई. एक रुपया कापत न्हाईत. राहणं कंपनीचं. मला हा देश बराबर वाटला. मंग विचारलं, तुझा साडू किती वर्षांनी आला? म्हणला, तीन. पोराचं बारसं करून गेल्ता, पोरगं आता शाळेत जातं. म्हणजे टॅक्स तिकडं बी आहे, फक्त कापायची जागा दुसरी.

तरी दैवशालाला फोनवर म्हणलं, सौदीला बदली माग. ती म्हणली, आजी, बदली जर्मनीतल्या जर्मनीत होती.

तर हिशोब असा. सौदी: टॅक्स न्हाई, माणूस बी न्हाई. जर्मनी: टॅक्स आहे, रेडिओ न्हाई. आमचं गाव: टॅक्स न्हाई, कारण पगार न्हाई.

मीना फोनवर हळू बोलती. मोरीच्या बाजूला जाऊन. हे लिही मीना. बराबर लिही.

२५ जानेवारी, रविवार.

आता पोरीच्या तोंडावर भरवसा ठेवायचा न्हाई. माणूस लावायचा.

माणूस सापडला. वाटूरच्या ज्योत्स्ना मॅडमचा धम्मपाल. मॅडमनी दैवशालाला चौथीला शिकवलं. त्यांच्या घरी बुद्धाचा फोटो, आंबेडकरांचा फोटो आन् भिंतभर पुस्तकं. पोरगा आधी जालन्याला स्टीलच्या कंपनीत होता. आता जर्मनीत लिफ्टचं काम शिकून राह्यला, पगार घेऊन शिकतो. आन् योगायोग बघा, दैवशालाच्याच गावात. केवढा मोठा देश, आन् नेमका त्याच गावात.

नंबर मीनाकडं होताच. कसा होता विचारलं. म्हणली, असाच होता.

धम्मपालला म्हणलं, बाबा, तू माझा माणूस. दैवशाला जे भाव सांगती ते खरे का खोटे, तपासून मला सांगायचं. तिला बिलकुल कळू द्यायचं न्हाई. तो म्हणला, आजी, तुम्ही जे विचाराल त्याचं मी खरंच सांगेन. खोटं बोलणार न्हाई. शिकलेल्या आईचं पोरगं लगेच कळतं.

मेहनताना ठरला: बाजरीच्या खारोड्या, एक डबा. मीनाला म्हणलं, डबा मोठा घे.

१ फेब्रुवारी, रविवार.

धम्मपालचा पहिला रिपोर्ट. कोथिंबीर दीडशे, खरं. काड्या कधी अकरा, कधी तेरा. केस कापायचे साडेचार हजार, खरं. म्हणून दैवशाला वेणी घालती. फुलकोबीचा गड्डा अडीचशे. त्याची स्वतःची खोली बेचाळीस हजारांची, तिघांत एक ओटा. त्याला कागदावर एक लाख दहा हजार मिळतात. विचारलं तेवढं सगळं सांगितलं. असा माणूस पाहिजे.

एक गोष्ट खटकली. दैवशालाला वांग्याचं भरीत कोणतं आवडतं हे त्याला माहीत आहे. भाजलेलं, लसूण जास्त. मी विचारलं, तुला कसं माहीत? म्हणला, खाल्लंय आजी तिच्या हातचं.

म्हणजे पोरगी परक्याला जेवू घालती. वीस हजार पाठवती आन् वांगे वाटती. पैसे असे जातात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

नवा देश निघाला. डेन्मार्क.

दैवशाला दोन दिवस तिकडं गेल्ती. फिरायला म्हणे. जर्मनीच्या वर आहे, अजून थंड. भर थंडीत अजून थंडीकडं कोण फिरायला जातं? तिथूनच फोन केल्ता, भाव विचारले. चहा सहाशे रुपये. पैसे बी वेगळे, युरो चालत न्हाई. जर्मनीपेक्षा महाग. म्हणजे स्वस्त गावातून महाग गावाला, थंडीत, चहा प्यायला.

काय बघितलं विचारलं. म्हणली, एक ऑफिस बघितलं, आजी. लई चांगलं होतं. फुलं ठेवली होती.

ऑफिस बघायला बाहेरदेशी. आमची तहसील काय वाईट आहे?

धम्मपालकडून खात्री करून घ्यावी म्हणलं, तर त्याचा फोन दोन दिवस लागला न्हाई. तिसऱ्या दिवशी लागला. विचारलं, डेन्मार्कात चहा खरंच सहाशेला आहे का? म्हणला, हो आजी, खरंच आहे, मी स्वतः प्यालो. किती मेहनत घेतो पोरगा. माझ्या एका प्रश्नासाठी तिथंवर जाऊन आला.

मीनाला आज दिवसभर डोळ्यात कचरा गेल्ता. सारखी पुसून राह्यली.

१ मार्च, रविवार.

बरेच खर्चे एकदम.

एक. दैवशालानं खोली सोडली. दोन खोल्यांचं घर घेतलं. भाडं पंच्याण्णव हजार. एकटीला दोन खोल्या कशाला विचारलं, तर म्हणली, लागतात आजी.

दोन. तिकडं घर भाड्यानं घेतलं तर ओटा मिळत न्हाई. नुसत्या भिंती देतात. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण न्यायचं. ह्या पोरीनं जुना ओटा घेतला, एक लाख दहा हजाराचा. सहा महिन्यांपासून त्यासाठी साठवत होती म्हणे. सापडले पैसे. पण एक लाखाचा ओटा एकट्या पोरीला कशाला लागतो? ओटा बाई कधी घेती ते मला माहीत आहे. मी माझा लग्न झाल्यावर चौदा वर्षांनी घेतला, शहाबादी.

तीन. ओटा बसवला कुणी? धम्मपालनं. तिकडं सुताराचा तास सहा हजाराचा, आठ तास लागले. मीनानं गुणलं: अठ्ठेचाळीस हजार. एक पैसा घेतला न्हाई. अठ्ठेचाळीस हजार सोडून देणारा माणूस मी अजून बघितला न्हाई. मला संशय आल्ता. पण शेवटी आईचे संस्कार.

चार. धम्मपालनं बी त्याच आठवड्यात खोली बदलली. नव्या घरात भाडं निम्मं निम्मं वाटून घेतात. रेडिओचे पैसे त्याला आता लागत न्हाईत, घरातलं दुसरं माणूस भरतं. मी लगेच दैवशालाला फोन लावला. म्हणलं, शिक काहीतरी त्या धम्मपालकडून. घर वाटून घेतलं तर भाडं निम्मं, रेडिओ एकदाच. तू बी बघ कुणीतरी बराबरचं माणूस. ती म्हणली, आजी, तुमचं ऐकलं मी.

ऐकते न्हाई, ऐकलं म्हणली. नीट बोलायची बी सवय गेली तिकडं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.

गुढी उभारली. काकासाहेबांचा फोन. म्हणले, मावशी, आता तोंडी नको, पगाराची स्लिप दाखवा. आजकाल स्थळात स्लिप बघायची पद्धत आहे, पत्रिका मागाहून. मी म्हणलं, दाखवू. आमच्याकडं लपवालपवी न्हाई.

अजून सांगितलं: हरिओम दर रविवारी संभाजीनगरला जर्मन भाषेच्या क्लासला जातो. लग्न झालं की तिकडंच जायचं ठरवलंय. तिकडचे टॅक्सचे सगळे नियम पाठ केलेत म्हणे. म्हणजे पोरगा पोरगी बघण्याच्या आधी टॅक्स बघून राह्यला. काटकसरी आहे. मला पसंत आहे.

मीना म्हणली, आत्याबाई, दैवशालाला तर विचारा. मी म्हणलं, तिला काय विचारायचं, ती माझ्या शब्दाबाहेर न्हाई. मीना उठून गेली. पुरण करपलं.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी.

आज मोठा दिवस.

जर्मनीच्या सरकारनं माझं ऐकलं. दैवशालाचा टॅक्स कमी झाला. हातात दोन लाख अठराच्या जागी दोन लाख एक्कावन्न हजार पडले. तेहतीस हजार वाढले, एका झटक्यात. मी विचारलं, कसं काय? ती म्हणली, अर्ज दिला होता आजी, तो मंजूर झाला. अर्ज दे कुणी म्हणलं होतं? तेरा जानेवारीला, ह्याच वहीत. मीनाला ते पान काढून बघायला लावलं. आहे.

सही न येणारी बाई, आन् जर्मनीचा टॅक्स कमी केला. आमदाराला एक पूल होत न्हाई.

धम्मपालचं मात्र वाईट झालं. बिचाऱ्याचा टॅक्स त्याच महिन्यात वाढला. आठ हजार जास्त कापले. आधीच पगार कमी. मी म्हणलं, तू बी अर्ज दे. म्हणला, मी बी दिलाय आजी. म्हणजे एका दिवशी दोघांनी अर्ज दिले, एकीचा कमी केला, एकाचा वाढवला. तिकडं बी वशिला चालतो. आमच्या पोरीमागं मी आहे, त्याच्यामागं कोण आहे?

त्याला म्हणलं, वाईट वाटून घेऊ नको. तो म्हणला, न्हाई आजी, मला वाईट वाटत न्हाई. घरात तर येऊन राह्यले.

कुणाच्या घरात, ते विचारायचं राहून गेलं. मीनानं चहा आणला.

५ एप्रिल, रविवार.

स्लिप मागवली. दैवशाला पाठवायला तयार नव्हती. म्हणली, आजी, त्या कागदाचं काय करता, कुणाला वाचता येणार न्हाई. मी म्हणलं, मला तर मराठी बी वाचता येत न्हाई, माझं कुठं अडलं? मीनानं सुद्धा नको नको केलं. संशय वाढला. मंग मीच अडून बसले, दोन वेळ जेवले न्हाई. (दुपारी कुरडयांचा चीक खाल्ला, तो जेवणात धरत न्हाईत.) मंग दैवशालानं पाठवली. म्हणली, बरं आजी, तुम्हीच मागितली, लक्षात ठेवा.

मच्छिंद्रकडं रंगीत प्रिंट काढली, दोन प्रती, वर प्लास्टिक चढवलं. मच्छिंद्र म्हणला, काय लिहिलंय आजी? मी म्हणलं, तेहतीस हजाराची माझी कमाई लिहिलीय.

पुढच्या रविवारी काकासाहेब येणार. ठराव: स्लिप आधी काढायची न्हाई. आधी पोहे, मंग चहा, मंग स्लिप.

१२ एप्रिल, रविवार. सकाळी.

पोहे भिजवले. नवी चादर. भुजंगला गुंड्या लावायला लावल्या. मीनाचं तोंड उतरलेलं आहे. लेक नांदायला जायची म्हणल्यावर आईचं उतरणारच. कोथिंबीर चार जुड्या आणल्या, वीस रुपये. काकासाहेबांना दाखवून सांगणार, ही दैवशालाच्या गावात सहाशेची आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

वही बंद कर मीना.

१४ एप्रिल, मंगळवार.

दोन दिवस काही सांगितलं न्हाई. आज बाहेर जयंतीचे ढोल वाजून राह्यले, आवाज ऐकू येतो, झोप न्हाई. लिही. जसं झालं तसं.

काकासाहेब आले, हरिओम आला. पोहे झाले. चहा झाला. कोथिंबिरीचा हिशोब सांगितला, काकासाहेब हसले. मंग मी ट्रंकेतून स्लिप काढली. म्हणलं, बघा. आन् हे बी बघा, मागच्या महिन्यापासून टॅक्स कमी करून घेतलाय. मी करून घेतलाय.

हरिओमनं स्लिप मांडीवर घेतली. चष्मा पुसला. एका ठिकाणी बोट ठेवलं आन् तिथंच ठेवून बसला. काकासाहेब म्हणले, काय झालं? तो म्हणला, दादा, इथं वर्ग तीन आहे.

मी म्हणलं, चांगलंच आहे की, तिसऱ्या वर्गात पास झाली.

तो पोरगा गरीब स्वभावाचा. हळू सांगितलं. म्हणला, आजी, तिकडं टॅक्सचे वर्ग असतात. एकट्या माणसाचा वर्ग एक. लग्न झालं की नवरा-बायको दोघं मिळून अर्ज देतात. ज्याचा पगार जास्त, त्याला वर्ग तीन घेता येतो, त्याचा टॅक्स एकदम कमी होतो. दुसऱ्याला वर्ग पाच, त्याचा वाढतो. मी सगळं काढून ठेवलं होतं, आमचं लग्न झालं की ताई तीनमध्ये आन् मी पाचमध्ये. पण आजी, ह्या तर आधीच तीनमध्ये आहेत.

होणाऱ्या बायकोला ताई म्हणला. तिथंच सुपारी परत गेली.

भुजंग छताकडं बघून राह्यला. मी म्हणलं, कागद चुकला असंल, परका देश. हरिओम म्हणला, आजी, टॅक्सच्या कागदात ते लोक चुकत न्हाईत. मंग म्हणला, पाचमध्ये कुणीतरी असंलच.

पाचमध्ये. एकाच महिन्यात. एकीचा कमी, एकाचा जास्त.

माझ्या हातात अजून कोथिंबिरीची जुडी होती.

काकासाहेब उठले. दारात म्हणले, मावशी, तुम्ही शब्द दिला होता. त्यापुढं काही म्हणले न्हाईत. म्हणले असते तर बरं झालं असतं. मी उत्तर दिलं असतं.

१५ एप्रिल, बुधवार.

मीनाला विचारलं, तुला कधीपासून माहीत?

म्हणली, वही सुरू करायच्या आधीपासून.

म्हणजे निम्मा पगार नवरा नेतो हे लिहिलं तेव्हा? हो. डेन्मार्क लिहिलं तेव्हा? डेन्मार्कातच झालं आत्याबाई, तिथं परदेशी माणसांचं लग्न लवकर लागतं, कागद कमी. ऑफिसात फुलं होती. फोटो आहे. आन् ओटा? ओटा दोघांचा.

भुजंगला? त्याला दिवाळीपासून.

म्हणलं, मंग मलाच का न्हाई सांगितलं? मीनानं पेन खाली ठेवला. म्हणली, ती तुम्हाला भिती आत्याबाई. तुम्ही काकासाहेबांना शब्द दिला तेव्हा तिला विचारलं न्हाई. धम्मपालचं घर दुसऱ्या समाजाचं, तुम्ही काय म्हणाल म्हणून रोज रडायची. स्लिप पाठवली तेव्हा म्हणली, आता आजी स्वतःच्या हातानं दाखवतील, मला सांगायची हिंमत होत न्हाई.

हे कशाला लिहिलंस? बरं, राहू दे.

मला भिती. मी तिला न्हाऊमाखू घातलं. मला भिती.

फोन वाजून राह्यला. मी घेतला न्हाई.

१७ एप्रिल, शुक्रवार.

आज धम्मपालचा फोन घेतला. आधी मी बोलले. म्हणलं, तू माझा माणूस होतास. माझ्या खारोड्या खाल्ल्या. खोटं बोलणार न्हाई म्हणला होतास.

तो म्हणला, आजी, एक बी खोटं बोललो न्हाई. तुम्ही कोबी विचारला, कोबी सांगितला. चहा विचारला, चहा सांगितला. लग्न झालं का, हे तुम्ही एकदा बी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी रोज वाट बघत होतो.

मीनाला वही पहिल्यापासून वाचायला लावली. सगळी. तीन महिने. वाचायची परवानगी दिली. खरंच न्हाई विचारलं. सगळ्या देशांचे भाव आहेत, तेवढं एक न्हाई.

म्हणलं, खारोड्या कुणी खाल्ल्या? म्हणला, दोघांनी. एका डब्यात.

म्हणलं, तुझा टॅक्स किती वाढला? म्हणला, आठ हजार. तिचा कमी किती झाला? तेहतीस. मीनाला वजा करायला लावलं. पंचवीस हजार सुटतात महिन्याला. एकटं राहण्यापेक्षा लग्न स्वस्त, असा देश मी पहिल्यांदा ऐकला. आपल्याकडं लग्नाला लोक जमिनी विकतात.

मंग एवढंच विचारलं, त्या अकरा काड्या दोघांना पुरतात का?

तो म्हणला, पुरवतो आजी. पानं तिच्या भाजीवर टाकतो. काड्या मी खातो.

मी फोन मीनाकडं दिला. डोळ्यात कचरा गेल्ता.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय तृतीया.

सुपारी फुटली न्हाई. काकासाहेबांकडं भुजंगला पाठवलं, माफी मागून आला. हरिओमनं विचारलं म्हणे, ताईंना तिकडं कुणी ओळखीची नर्स आहे का, वर्ग एकमधली. पोरगा पुढं जाईल.

ज्योत्स्ना मॅडम मे महिन्यात लेकाकडं चालल्या. त्यांच्याजवळ पुडी द्यायची. गावरान धने, दोन मुठी. खिडकीत कुंडी ठेवून पेरतील. दीडशेची डबी बंद. पुडी द्यायची म्हणजे त्यांच्या घरी जावं लागंल. गेलं की चहा घ्यावा लागंल, जेवायला बी बसवतील. सगळ्या वाटूरला कळंल. कळू दे. मी ठरवलं, घरातून पहिलं पाऊल मीच टाकणार.

मीना म्हणली, आत्याबाई, मी मागच्या महिन्यात दोनदा जेवून आले. भुजंग म्हणला, मी एकदा.

बरं. लिही, गोजरबाईला पहिल्यापासून संशय होता. लिहिलं का? वाचून दाखव. हं.

आता त्या धन्याच्या पुडीसोबत हिरवा खण ठेव. नारळ जाड सालीचा बघून घे, विमानात फुटायला नको. हळदीकुंकवाच्या पुड्या वेगळ्या बांध. तांदूळ मूठभर. त्या पोराला टॉवेल-टोपी. खारोड्यांचा डबा, मोठा.

वहीत ओटी लिहू नको. धने लिही.